वकिली करायची म्हणताय? आधी दोन-चार वकिलांना भेटून या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी लॉ सीईटीचे दिवस आले की मला एक फोन ठरलेला असतो. "मॅडम, भाची लॉ करायचं म्हणतेय. जरा दोन मिनिटं बोलाल का तिच्याशी?" मी हो म्हणते. भाची येते, सोबत मामा येतात. भाची खुर्चीच्या कडेला टेकते आणि विचारते, "मॅडम, या फील्डला स्कोप आहे का?" जिल्हा न्यायालयात अठरा वर्षं काढूनही मला या प्रश्नाचं उत्तर सापडलेलं नाही. तिने दुसरं काही विचारलं असतं तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. चहा होतो, मामा घड्याळ बघतात, दोघं निघून जातात.

काय विचारायचं, कोणाला, केव्हा, याबद्दल मुलं आणि पालक मला जे विचारत आले, ते इथे एकत्र लिहिलं आहे. उदाहरणं वकिलीची आहेत, कारण मला तेच काम येतं. सीए, आर्किटेक्ट किंवा पशुवैद्य व्हायचं असेल त्यांनी कोर्टाच्या जागी आपापला दवाखाना किंवा ऑफिस घालून वाचावं.

माहितीभेट म्हणजे नेमकं काय?

जे काम आपण पुढे करू म्हणतो, ते आज पोटापाण्यासाठी करणाऱ्या माणसाला वेळ ठरवून भेटायचं, वीस-पंचवीस मिनिटं त्याच्या कामाबद्दल विचारायचं आणि उठायचं. इंग्रजीत याला इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू म्हणतात. अमेरिकेत रिचर्ड बोल्स यांनी १९७० च्या दशकात ही रीत लोकांपर्यंत नेली. 'मुलाखत' म्हटलं की मुलं घाबरतात आणि वकील सावध होतात, म्हणून मी आपली माहितीभेट म्हणते.

"जरा भेटून ये त्यांना" हे आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलंय. फक्त त्या भेटीच्या पोटात एक मागणी दडलेली असते: कुठेतरी चिकटवून द्या. समोरच्याला ती दारातच कळते आणि तो हातचं राखून बोलतो. माहितीभेटीत मागायचं काही नसतं. तेवढ्यानेच बोलण्याची तऱ्हा बदलते.

यूट्यूबवर सगळं आहे की. भेटायलाच कशाला हवं?

वकिलांना स्वतःच्या कामाची जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिलांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या) नियमांनी बंदी आहे. त्यामुळे पडद्यावर तुम्हाला वकिली म्हणून जे दिसतं ते बहुतेक क्लासवाल्यांचं असतं, नाहीतर मालिकांमधलं. मालिकेत साक्षीदार येतो, वकील टेबलावर हात आपटतो, अर्ध्या तासात निकाल लागतो.

परवाचा माझा दिवस सांगते. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या यादीत, माझी अकरा प्रकरणं होती. सहांत नुसती पुढची तारीख पडली. दोनांत साक्षीदार आलाच नाही. एकात समोरच्या वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला. एका कोर्टात न्यायाधीश साहेब रजेवर, तिथे हजेरी लावून परत. उरलेल्या एका दाव्यात मी पाऊण तास उलटतपास घेतला, आणि त्या पाऊण तासासाठी आदल्या रात्री अकरापर्यंत सात-बारा आणि फेरफार समोर पसरून बसले होते. तो पाऊण तास मला फार आवडला. पण त्याच्यासाठी बाकीचा दिवस सोसायची तयारी आहे का, हे व्हिडिओ बघून ठरत नाही.

कोणाला भेटायचं? मोठ्या नावाच्या वकिलाला?

त्यांनाही भेटा, पण त्यांच्यापासून सुरुवात नको. चाळीस वर्षं वकिली झालेला माणूस स्वतःच्या सुरुवातीबद्दल जे सांगतो ते खरंच असतं, फक्त ते चाळीस वर्षांपूर्वीचं असतं. तेव्हा ई-फायलिंग नव्हतं, आणि सनद (वकिलीचा परवाना) काढली की थेट काम सुरू करता यायचं. आता ऑल इंडिया बार परीक्षाही पास व्हावी लागते.

सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे सनद घेऊन दोन ते चार वर्षं झालेला ज्युनियर. तो आत्ता ज्या खड्ड्यातून चाललाय त्यातच तुम्हाला उतरायचंय. तो पैशाबद्दल स्पष्ट बोलतो, सीनियरबद्दलही बोलतो (थोडा आवाज खाली करून). त्यानंतर बारा-पंधरा वर्षं झालेला कोणीतरी गाठा, ज्याचा जम बसलाय पण धावपळ सुटलेली नाही. मग कोर्टाची पायरी क्वचितच चढणारा एक वकील: बँकांसाठी जमिनीचे सर्च रिपोर्ट (मालकी तपासल्याचे अहवाल) करणारा, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदवणारा, किंवा कंपनीच्या लीगल विभागात नोकरीला असलेला. लॉ केलं म्हणजे कोर्टातच जायचं, असा आपल्याकडे एक समज आहे. या माणसाला भेटल्यावर तो जातो.

आणि जमलं तर वकिली सोडलेला एक. त्याला शोधायला वेळ लागतो, कारण सोडून गेलेल्यांचा पत्ता कोणी सहज देत नाही. पण तो का गेला हे ऐकण्यासारखं असतं. एकाने मला सांगितलं होतं, "मला कायदा आवडायचा, माणसांची भांडणं नाही आवडायची." हे वाक्य मी लॉच्या पहिल्या वर्षाला ऐकायला हवं होतं. वकिली मी तरीही केली असती, पण डोळे उघडे ठेवून.

आमच्या सात पिढ्यांत कोणी वकील नाही. ओळख काढू कुठून?

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या लोकांना नोकऱ्या कोणाकडून कळल्या, हे त्यांनी विचारलं आणि १९७३ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १७ टक्क्यांच्या आसपास लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांची ओळख अधूनमधूनची किंवा क्वचित भेटीची. कारण साधं आहे: जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. तेव्हा घरात वकील नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

गावात कोणाचा तरी जमिनीचा दावा चालू असतोच, त्याला वकिलाचं नाव विचारा. भाडेकरार किंवा प्रतिज्ञापत्र ज्यांच्याकडे केलं ते नोटरी बहुधा वकीलच असतात. लॉ कॉलेजच्या ऑफिसात माजी विद्यार्थ्यांची नावं मिळतात. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. गरजूंना मोफत वकील मिळवून देणारी ती यंत्रणा १९८७ च्या कायद्यातून उभी राहिली, आणि तिथे काम करणारे वकील नव्या मुलांशी बोलायला सहसा कंटाळत नाहीत. शिवाय त्यांच्याकडे मोठ्या फीचं प्रकरण नसतं, त्यामुळे त्यांची वकिली कशी चालते हे कळणं वेगळंच शिक्षण आहे.

पहिली भेट झाली की ओळखीचा प्रश्न संपतो. उठताना एवढंच विचारा: "अजून कोणाशी बोलू?" वकील लोकांना दुसऱ्या वकिलांची नावं सांगायला आवडतं.

मेसेज कसा लिहू?

लहान लिहा. मला आलेला आणि मी पाच मिनिटांत उत्तर दिलेला एक मेसेज साधारण असा होता:

"नमस्कार मॅडम. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे तीन वर्षांचं एलएल.बी. करण्याचा विचार आहे. आमच्या शेजारच्या काकूंच्या वाटणीच्या दाव्यात तुम्ही त्यांच्या वकील होतात, त्यांच्याकडून नंबर घेतला. दिवाणी वकिलाचं रोजचं काम कसं असतं याबद्दल तुमच्याशी वीस मिनिटं बोलायचं होतं. नोकरीसाठी किंवा केससाठी नाही. या किंवा पुढच्या आठवड्यात तुमच्या सोयीने कधीही येईन."

कोण आहे, नंबर कुठून मिळाला, काय हवंय, किती वेळ, आणि काय नकोय, सगळं आलं. "नोकरीसाठी किंवा केससाठी नाही" या चार शब्दांनी माझा जीव भांड्यात पडला. नुसतं "हाय मॅम" पाठवून थांबू नका. त्याला उत्तर द्यायला वकिलाकडे वेळ नसतो. आणि फॉरवर्ड केलेलं 'आदरणीय महोदय/महोदया' तर मुळीच नको, त्यातली तिरकी रेघ लगेच दिसते.

उत्तरच आलं नाही तर?

आठवड्याने एकदा आठवण करा. तरी नाही आलं तर सोडून द्या आणि पुढचं नाव घ्या. त्या आठवड्यात त्यांच्याकडे जामिनाचा अर्ज असेल किंवा घरी लग्न. मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

केव्हा जाऊ? कोर्टातच गाठू का?

सकाळी साडेदहाला कोर्टाच्या जिन्यात कोणाही वकिलाला गाठू नका. त्या वेळी त्याच्या डोक्यात कुठल्या कोर्टात आधी पुकारा होईल एवढंच असतं. दुपारच्या सुट्टीत तो डबा खात असतो, नाहीतर पक्षकार त्याला खात असतात. संध्याकाळी सहानंतर चेंबर बरं, पण पहिला दीड तास पक्षकारांचा असतो, म्हणून साडेसातची वेळ मागा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, ती सकाळ सर्वांत उत्तम. उन्हाळी सुट्टीत वकील तुमच्याशी तासभरही बोलतील.

फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोललेलं चालतं, विशेषतः माणूस मुंबईत असेल आणि तुम्ही चंदगडला. पण गावातल्या माणसाला प्रत्यक्षच भेटा. चेंबरमधल्या फायलींचे गठ्ठे, बाहेरच्या बाकावर तासभर बसलेला म्हातारा, कारकुनाचं फोनवरचं "उद्या या, साहेब नाहीत", हेसुद्धा माहितीच आहे.

जाण्याआधी तयारी काय करू?

एक दिवस कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. फुकट आहे. आपल्याकडे न्यायालयं खुली असतात. बंद दाराआड चालणारी काही प्रकरणं असतात, उदाहरणार्थ बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराची, पण बाकी कामकाज कोणीही बसून ऐकू शकतो. फोन बंद ठेवा, पायावर पाय टाकून बसू नका, पट्टेवाला उठ म्हणाला तर वाद न घालता उठा. काळा कोट घालून जाऊ नका, सनद मिळेपर्यंत थांबा. एकाने तसं केलं होतं आणि एका आजींनी त्याच्या हातात वकीलपत्राचा कागद ठेवला होता.

पहिल्या तासात काहीच कळणार नाही. दिवाणी कोर्ट असेल तर कंटाळाही येईल. दुपारनंतर हळूहळू कळायला लागतं की ज्याला तारीख हवीय तो कसा उभा राहतो आणि ज्याला काम चालवायचंय तो कसा. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या ॲपवर त्या दिवसाचा बोर्ड बघता येतो, तो आधी चाळा.

असा दिवस काढून आलेल्या मुलाचे प्रश्नच वेगळे असतात. एकीने मला विचारलं, "तुम्ही साक्षीदाराला तोच प्रश्न तीनदा का विचारला?" त्यावर आम्ही चाळीस मिनिटं बोललो.

मग विचारू तरी काय?

कालचं विचारा. उद्याचं विचारू नका.

"काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत?" या एका प्रश्नातून जेवढं निघतं तेवढं दहा मोठ्या प्रश्नांतून निघत नाही. माणूस स्वतःच्या व्यवसायाबद्दल मत द्यायला लागला की भाषण करतो. कालचा दिवस सांगायला लागला की खरं बोलतो, कारण काल फार जवळ आहे आणि तो सजवायला वेळ मिळालेला नाही.

तिथून धागे पकडा. "मुदतीचा अर्ज म्हणालात, तो रोज येतो का?" "रात्री अकरापर्यंत वाचत होतात म्हणालात, आठवड्यातून किती वेळा?" कागदावर वीस प्रश्न लिहून नेलेत तर तुम्ही पुढचा प्रश्न बघत बसाल आणि उत्तर निसटेल. पाच-सहा पुरेत.

मला स्वतःला आवडणारे काही: पहिलं प्रकरण स्वतंत्रपणे केव्हा चालवलं आणि ते कोणी दिलं? ज्युनियर असताना सीनियरनी कोणती चूक पकडली होती? या कामातला कोणता भाग तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकाल? आणि तुमच्या मुलीला या कामात आणाल का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस उत्तर देण्याआधी किती वेळ थांबतो, तिकडे लक्ष ठेवा.

ताजं काही विचारता आलं तर सोन्याहून पिवळं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याखाली येतात. पूर्वी अपील म्हटलं की मुंबई गाठावी लागायची आणि प्रकरण तिथल्या वकिलाकडे सोपवावं लागायचं. आता जिल्ह्याच्या वकिलाच्या कामात काय बदललं? ज्युनियरांना कोल्हापुरात जाऊन राहायला हवं का? याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात मिळणार नाही, आणि प्रत्येक वकील वेगळं देईल. तेच तुम्हाला हवंय.

"स्कोप आहे का?" यात वाईट काय आहे?

विचारणाऱ्याला भीती असते, ती मी समजू शकते. फीचे पैसे वडिलांनी कुठून आणले हे मुलांना माहीत असतं. पण 'स्कोप' हा शब्द समोरच्याला ज्योतिषी बनवतो. आशावादी वकील म्हणेल भरपूर आहे, ज्याची दुपारी तारीख वाया गेली तो म्हणेल काही राम नाही. दोघंही आपापल्या मूडबद्दल सांगतायत.

भीतीच विचारायची असेल तर तिचे तुकडे करून विचारा. तुमच्या बॅचच्या पाच जणांची नावं आठवा, ते आज काय करतायत? तुमच्याकडे गेल्या पाच वर्षांत किती ज्युनियर आले, आता कुठे आहेत? माझ्या पहिल्या तीन ज्युनियरांपैकी एक माझ्याच समोर उभी राहते, एक बँकेत आहे, एकाने गावी डेअरी काढली. स्कोपचं उत्तर यातून तुम्हीच काढा.

पैशाचं कसं विचारायचं? वाईट दिसतं ना?

"तुम्ही महिन्याला किती कमावता?" हे वाईट दिसतं. "सुरुवातीला ज्युनियरला किती मिळतं, आणि पहिली काही वर्षं तुम्ही भागवलं कसं?" हे अजिबात दिसत नाही. उलट बरेच जण या प्रश्नाची वाटच बघत असतात.

माझं सांगते. पहिल्या वर्षी सीनियरांकडून मला जे मिळायचं त्यात एसटीचा पास आणि दुपारचा वडापाव निघायचा. राहायला आत्याचं घर होतं, म्हणून टिकले. माझ्याबरोबरची माझ्याहून हुशार मुलगी भाड्याच्या खोलीत राहायची, तिने आठ महिन्यांत सोडलं. या धंद्यात पहिल्या तीन वर्षांत कोण टिकतं हे बऱ्याचदा हुशारीवर नसतं, घरभाड्यावर असतं. हे कोणी स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियर वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. सुचवलं, सक्ती नाही. तुमच्या तालुक्यात प्रत्यक्षात किती मिळतं हे तिथल्या ज्युनियरलाच विचारा. एक दिलासा: सनदेच्या फीचे हजारो रुपये आता मोजावे लागू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांच्या वर घेता येणार नाही असं सांगितलं.

नोकरी करता करता वकिली करता येईल का?

पूर्णवेळ पगारी नोकरी असताना वकिली करता येत नाही, बार कौन्सिलचा तसा नियम आहे. बँकेतली नोकरी सांभाळून शनिवारी कोर्टात उभं राहायचा बेत असेल तर भेटीआधीच तो गुंडाळा.

मला न्यायाधीश व्हायचंय. मग वकिलाला कशाला भेटू?

कारण आता वाट तिकडूनच आहे. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. ती तीन वर्षं कोणाच्या तरी चेंबरमध्ये जाणार आहेत. ते चेंबर कसं असतं, हे आत्ताच बघून घ्या.

काय अजिबात विचारू नये?

चालू प्रकरणातलं गुपित. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं बाहेर फोडता येत नाही, कायद्यानेच तसं बांधलंय (पूर्वी साक्ष पुरावा कायद्यात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे). तुम्ही खोदत राहिलात तर वकील गप्प होईल आणि भेट तिथेच संपेल.

दुसरं, याहून जास्त वेळा घडणारं: स्वतःच्या घरचा दावा. वीस मिनिटं छान बोलणं होतं, मी खूश असते, आणि उठता उठता पिशवीतून फाइल निघते. "मॅडम, जाता जाता एक. आमच्या चुलत्यांनी बांध कोरलाय..." झालं. आता मला आधीचं सगळं बोलणं फी चुकवायचा बहाणा वाटायला लागतं. बांधाचं काम असेल तर वेगळी वेळ घ्या, फी द्या, आनंदाने बघेन.

आईवडिलांना सोबत न्यावं का?

दारापर्यंत. आत आले की प्रश्न तेच विचारतात, आणि मूल भिंतीवरचं कॅलेंडर वाचतं. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हेही त्यांना त्याच वेळी आठवतं. आईवडिलांच्या शंका खऱ्या असतात, त्यांना माझी ना नाही. त्या तुम्ही लिहून आणा आणि तुमच्या तोंडाने विचारा.

मुलींनी वेगळं काही विचारावं का?

हो, आणि ते बाईमाणसाला विचारावं. कोर्टाच्या आवारात स्वच्छतागृह कसं आहे? चेंबर रात्री किती वाजता बंद होतं आणि घरी कसं जाता? लग्नानंतर गाव बदललं तर पक्षकार टिकतात का? बाळंतपणात तुमच्या तारखा कोणी सांभाळल्या? आणि पक्षकार तुमच्याकडे फक्त पोटगीची आणि घटस्फोटाचीच प्रकरणं आणतात का? या शेवटच्यावर मी तासभर बोलू शकते. पहिली सहा वर्षं माझ्याकडे जमिनीचं एकही काम आलं नाही. "ताई, वाटणीचं जरा सरांकडे देतो" असं माझ्या तोंडावर म्हणून लोक शेजारच्या टेबलावर जायचे.

भेट चांगली झाली तर "मला ज्युनियर म्हणून घ्या" म्हणू का?

त्या दिवशी नको. नोकरीसाठी नाही म्हणून वेळ घेतलीत आणि शेवटी तेच मागितलंत तर मेसेज खोटा ठरतो. महिन्या-दोन महिन्यांनी, प्रवेश झाल्यावर किंवा परीक्षा झाल्यावर, सरळ फोन करून विचारा. सुट्टीत महिनाभर येऊन बसू का, हा प्रश्न सहसा आवडतो. माझ्याकडचे दोघं असेच आले.

काही भेट न्यावी का? चहाचे पैसे?

काही नको. चहा त्यांचा, तो प्या.

त्यांनी पार नाउमेद केलं तर?

मला केलं होतं. लॉला जाण्याआधी वडील मला एका ज्येष्ठ वकिलांकडे घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता वडिलांना सांगितलं, "पोरीला बँकेच्या परीक्षा द्यायला लावा. इथे काय ठेवलंय?" मी परतीच्या एसटीत रडले. चूक माझीही होती: मी त्यांना स्कोप विचारला होता, आणि त्यांनी तो सांगितला. नंतर कळलं की त्याच आठवड्यात ते वीस वर्षं चालवलेलं एक प्रकरण हरले होते.

म्हणून एकाच माणसाच्या बोलण्यावर जाऊ नका. दोघांनी दोन टोकांची उत्तरं दिली तर कोण खरं बोलतंय हे शोधण्यात अर्थ नाही. दोघांचे दिवस कुठे वेगळे आहेत ते बघा. एक फौजदारी करतो, पोलीस ठाणी आणि जामिनांमध्ये असतो, फी हातात पडते पण रात्री फोन वाजतो. दुसरा दिवाणी करतो, रात्री शांत झोपतो आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत पक्षकाराची पुढची पिढी वकीलपत्रावर सही करायला आलेली असते.

भेटीनंतर काय करायचं?

बाहेर पडल्या पडल्या, चहाच्या टपरीवरच, जे आठवतं ते लिहून काढा. समोर बसून लिहायला हरकत नाही, पण रेकॉर्डिंग नको. वकिलासमोर तर नकोच, त्याला रेकॉर्डिंगचं पुढे काय होतं ते माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी आभाराचा मेसेज पाठवा, त्यात त्यांनी सांगितलेली एक नेमकी गोष्ट लिहा. मग चार-सहा महिन्यांनी पुढे काय ठरवलंत ते कळवा, वकिली करायची नाही असं ठरवलंत तरी. हे जवळपास कोणीच करत नाही. एका मुलाने मला दोन वर्षांनी कळवलं होतं की त्याने लॉ घेतलं नाही, तो भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक झालाय. माझ्याकडच्या मोजणीच्या प्रकरणांत काही अडलं की आता मीच त्याला फोन करते.

किती जणांना भेटलं की पुरे?

चौथ्या-पाचव्या भेटीत पुढचं वाक्य तुम्हाला आधीच कळायला लागतं. तिथे थांबा.

तुम्हाला भेटायला येऊ का?

या. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी, सकाळी दहाला. त्याआधी एक दिवस कोर्टात बसून या आणि काय कळलं नाही ते लिहून आणा. मामांना खाली चहाच्या टपरीवर बसवा.